आपटला तरी टिकणारा बिनतारी ट्रक

दिवाळी किंवा वार्षिक परीक्षेचा शेवट जवळ आला, कीं ज्या घरांत बारा-चौदा वर्षांचें मूल आहे त्या घरांत हल्लीं एका नव्या मागणीचा उच्चार ऐकूं येतो. सायकल घेऊन झालेली असते, बॅट जुनी झालेली असते, आणि कोणा मित्राच्या घरीं पाहिलेला, रेडिओवर चालणारा ट्रक डोळ्यांसमोरून हलत नाहीं. आजोबांस तें खेळणें वाटतें. वडिलांसहि किंमत ऐकेपर्यंत तें खेळणेंच वाटतें. आणि काकांस—एकत्र कुटुंबांत असा एखादा काका बहुधा असतोच—तें आपणांसहि मिळावें असें मनांतून वाटत असतें. मग दुकानांत जाऊन खोक्यावर छापलेला वेग वाचावयाचा, ज्या खोक्यावर आंकडा मोठा तो ट्रक उचलावयाचा, आणि सर्वांनीं समाधानानें घरीं यावयाचें, असा प्रकार होतो.

असा ट्रक घेऊन चार महिने लोटलेल्या घरांत जाऊन पाहावें. पुष्कळ ठिकाणीं तो माळ्यावर किंवा पलंगाखालीं सांपडतो. त्याचें पुढचें एक चाक बाहेरच्या अंगास लुळें पडलेलें असतें, आणि चौकशी केल्यास कळतें कीं, मोडलेला भाग बोटाएवढाच आहे, पण तो कोठें मिळत नाहीं. ट्रक मोडल्याचें दुःख मुलाला चार दिवस होतें. परंतु मोडलेली वस्तु म्हणजे संपलेली वस्तु, ही समजूत मात्र त्याच्या मनांत घर करून बसते. आणि साध्या सायकलीच्या कितीतरी पट रक्कम मोजून घरानें मुलाला ही समजूत विकत आणून द्यावी, ही गोष्ट वडील माणसांनीं विचार करण्यासारखी आहे.

आरंभींच एक सांगून टाकतों. न मोडणारा ट्रक आजवर कोणींहि बनविलेला नाहीं. टिकाऊ ट्रकहि मोडतोच; परंतु तो स्वस्त भागाचा बळी देऊन महाग भाग वांचवितो, तो स्वस्त भाग बाजारांत मिळतो, आणि घरच्या टेबलावर चार स्क्रू काढून मुलाला स्वतःच्या हातानें बसवितां येतो. ही एवढी कसोटी ध्यानांत ठेवली, तर खोक्यावरच्या आंकड्यांचें आकर्षण बरेंच कमी होतें.

त्या वेगाच्या आंकड्याचा हिशेब घरांतील मंडळींनीं एकदां मिळून करून पाहावा. शाळेंतल्या पदार्थविज्ञानापलीकडे त्याला कांहीं लागत नाहीं. खऱ्या गाडीच्या एक दशांश प्रमाणाचा ट्रक बॅटरीसह साधारणतः दोन-अडीच किलो भरतो. तो ताशीं २५ किलोमीटर वेगानें भिंतीवर आदळला, तर त्याला बसणारा तडाखा सुमारें अडीच मीटर उंचीवरून फरशीवर टाकल्यासारखा असतो. म्हणजे स्टुलावर उभें राहून डोक्यावर धरलेला ट्रक सोडून दिला असें समजा. वेग ताशीं ५० झाला, कीं ही उंची दुप्पट न होतां चौपट होते. ती १० मीटरांच्या जवळ जाते, आणि हें म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून टाकणें झालें. कांहीं खोक्यांवर ताशीं १०० किलोमीटरांच्या आसपासचा वेग मोठ्या अभिमानानें छापलेला असतो. त्याला तोलणारी उंची सुमारें ४० मीटर येते. एवढ्या उंचीवरून पडून कोणता ट्रक शाबूत राहील? आणि ट्रकाचें राहूं द्या; अंगणांत मध्येंच धांवत आलेल्या लहान भावंडाच्या घोट्यावर ती वस्तु आदळली, तर काय होईल याचा विचार घेणाऱ्यानें आधीं करावा.

बिनतारी लहरींनीं यंत्र चालविण्याची कल्पना तशी जुनी आहे. १८९८ सालीं निकोला टेस्ला यांनीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्याच्या हौदांत एक लहानशी नाव दुरून चालवून दाखविली होती. मोटारींच्या बाबतींत ही हौस घरोघर पोंचविण्याचें बरेंचसें श्रेय जपानांतील शिझुओका शहरच्या तामिया कंपनीकडे जातें. तिनें १९७६ सालीं पोर्शे मोटारीची जी प्रतिकृति काढली ती गुळगुळीत रस्त्यावरची गाडी होती. १९७९ सालीं ‘सँड स्कॉर्चर’ व ‘रफ रायडर’ या तिच्या गाड्या वाळूंत व मातींत उतरल्या. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें खरी शिकण्यासारखी गाडी १९८४ सालीं कॅलिफोर्नियांतील असोसिएटेड कंपनीनें काढली. ‘आरसी-टेन’ हें तिचें नांव. तिचा सांगाडा सोनेरी मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमचा होता, पण चाकें धरून ठेवणारे बाहु साध्या नायलॉनचे होते. जो भाग ताठ राहावयास हवा तो धातूचा, आणि ज्यानें मार खावयाचा तो लवचिक, ही त्यामागची योजना. पुढच्याच वर्षीं खडबडीत मार्गावरील शर्यतींचें पहिलें जागतिक अजिंक्यपद झालें, त्यांत मागच्या दोन चाकांना गति असलेल्या गाड्यांच्या वर्गांत हीच गाडी पहिली आली. आज चाळीस वर्षें उलटलीं तरी चांगला ट्रक उघडून पाहिल्यास हीच विभागणी दिसते.

ही गोष्ट इतक्या विस्तारानें सांगण्याचें कारण असें कीं, बाजारांत नेमकी उलटी समजूत प्रचलित आहे. नायलॉनचा बाहु मोडला, कीं दुकानदार किंवा एखादा जाणता मित्र सांगतो, “आतां ॲल्युमिनियमचा बसवा, म्हणजे पुन्हां मोडायचा नाहीं.” बाहु मोडत नाहीं हें खरें, पण तडाखा नाहींसा होत नाहीं, तो पुढें सरकतो. जो धक्का पूर्वीं बाहूनें वांकून किंवा स्वतः मोडून गिळला असता, तो आतां बाहु ज्यावर बसविलेला आहे त्या ठोकळ्याला, नाहीं तर थेट गिअरच्या पेटीला बसतो. शिवाय ॲल्युमिनियम वांकलें कीं वांकलेलेंच राहतें, आणि वांकलेल्या बाहूचा ट्रक सरळ धांवत नाहीं. बाहु घ्यावयाचा तो चिवट नायलॉनचा घ्यावा. प्लास्टिकांतहि भेद आहेत. कांचेचे तंतु मिसळलेलें प्लास्टिक ताठ असतें म्हणून शर्यतीच्या गाडीला तें मानवतें, पण तें थंडींत व दगडावर तटकन् तुटतें. साधें नायलॉन मऊ असल्यामुळें वळणांत थोडें डुलतें, पण तुटत नाहीं. शर्यत आणि दांडगाई या दोन हौशींची वाट येथेंच फुटते.

ट्रकांचे प्रकार पुष्कळ आहेत, परंतु सर्वांचें वर्णन करीत बसण्याचें कारण नाहीं. ज्याला ‘मॉन्स्टर’ म्हणतात तो प्रचंड चाकांचा ट्रक मुलांना सर्वांत आधीं आवडतो. १९८१ सालीं अमेरिकेंत बॉब चँडलर यांनीं आपला ‘बिगफूट’ नांवाचा अवाढव्य ट्रक जुन्या मोटारींवरून चालवून त्यांचा चेंदामेंदा केला, तेव्हांपासून ही आवड पसरली. तामियानें १९८७ सालीं काढलेल्या ‘क्लॉड बस्टर’ला तर दोन मोटरी होत्या आणि त्याचीं चारीहि चाकें वळत. असा ट्रक गवतांतून, विटांच्या ढिगाऱ्यावरून, पायऱ्यांवरून खुशाल जातो. पण तो उंच असल्यामुळें वेगांत वळविला कीं कोलमडतो, आणि प्रत्येक कोलांटीत छताचें टरफल व शॉकचीं टोकें यांस मार बसतो. उघड्या चाकांचा ‘स्टेडियम ट्रक’ बुटका, हलका व चपळ. शर्यतीला उत्तम, पण दोन गाड्यांचीं चाकें एकमेकांत अडकलीं कीं एकीचा तरी बाहु जातोच. एक अष्टमांश प्रमाणाचा ‘ट्रगी’ मजबुतींत सर्वांच्या वर आहे. मात्र त्याच्या दोन बॅटऱ्यांच्या किंमतींत लहान ट्रकाचे वर्षभराचे सुटे भाग येतात. इंधनावर चालणाऱ्या गाड्यांचा आवाज, धूर आणि मेथेनॉल-नायट्रोमिथेनचें तें इंधन घरांत सांभाळणें, हें शेजारपाजार असलेल्या माणसानें मनांतहि आणूं नये.

राहिला तो ‘शॉर्ट कोर्स’ ट्रक, आणि ज्या घराला एकाच ट्रकांत थोडी शर्यत व थोडी दांडगाई अशा दोन्ही गोष्टी हव्या आहेत, त्यानें तूर्त येथेंच थांबावें असें माझें मत आहे. अमेरिकेंत आंखूड मातीच्या वर्तुळमार्गांवर खऱ्या ट्रकांच्या ज्या शर्यती होत, त्यांतील गाड्यांची ही प्रतिकृति. टेक्सासमधील ट्रॅक्सस कंपनीनें २००८ सालीं ‘स्लॅश’ नांवाचा असा ट्रक आणला, तेव्हां शर्यतीच्या जाणत्या लोकांस तो जड, उंच आणि बोजड वाटला. आणि तो होताहि तसाच. पण सर्वांजवळ सारखाच बोजड ट्रक असला म्हणजे शर्यत पैशाची न राहतां हाताची होते, हें लोकांच्या लवकरच ध्यानांत आलें. पुढच्या दोन-तीन वर्षांत असोसिएटेड, लोसी वगैरे कंपन्यांनींहि या जातीचे ट्रक काढले. ती लाट आतां पूर्वीसारखी उरलेली नाहीं. ट्रक मात्र उरला आहे.

त्याच्या घडणींतलें मर्म असें. चाकें शरीराच्या आंत झांकलेलीं असून पुढें व मागें रुंद बंपर आणि दोन्ही बाजूंस आडव्या पट्ट्या असतात. त्यामुळें भिंतीचा किंवा दुसऱ्या गाडीचा पहिला धक्का बंपरला बसतो, आणि एकाचें चाक दुसऱ्याच्या चाकावर चढत नाहीं. दुसरें असें कीं, या स्लॅशची गिअरपेटी आणि इतर पुष्कळसे भाग त्याच कंपनीच्या ‘स्टँपीड’, ‘रस्लर’ व ‘बँडिट’ या मागच्या चाकांच्या गाड्यांतहि चालतात. चार गाड्यांचे भाग एक असले, कीं दुकानदार ते ठेवतो; नवा नमुना बाजारांत आला म्हणून जुन्याचे भाग एकाएकीं अदृश्य होत नाहींत. अनेक वर्षें न बदललेली गाडी पाहून नव्याच्या हौशी लोकांना कंटाळा येतो. ज्याला ती दुरुस्त करावयाची आहे त्याला तेंच वरदान वाटतें.

दोषहि सांगितले पाहिजेत. मोठ्या पोकळ शरीरामुळें उंच उडींत हवा आंत कोंडते आणि ट्रक छत्रीसारखा वर धरला जातो. म्हणून शर्यतवाले त्याच्या मागच्या काचांना व बाजूंना भोंकें पाडतात. मागच्या चाकांकडे गति नेणारे दांडे प्लास्टिकचे असतात. साध्या मोटरीला ते पुरतात. जोरकस मोटर आणि तीन सेलांची बॅटरी लावली कीं पिळवटून जातात. मग लोखंडी दांडे घ्यावे लागतात, आणि त्यांच्यापुढचा कच्चा भाग कोणता हें पुढच्या महिन्यांत समजतें.

येथें मोटरीचा प्रश्न येतो. एक मोटर कार्बनच्या ब्रशांची. ती स्वस्त, साधी, आणि ब्रश झिजले कीं बदलावयाची. दुसरी बिनब्रशांची, ती वेगवान, कमी बॅटरींत जास्त काम देणारी, आणि स्वतः फारशी न झिजणारी. यावरून दुसरी टिकाऊ असें वाटणें साहजिक आहे. मोटरीपुरतें तें खरेंहि आहे. पण ती जो जोर निर्माण करते तो गिअर, डिफरन्शियल व दांडे यांच्यावर पडतो, आणि वर केलेला उंचीचा हिशेब तर आहेच. पहिला ट्रक ब्रशांच्या मोटरीचाच असावा. हात बसला, कीं मोटर व तिचा नियंत्रक हे दोन भाग मागाहून बदलतां येतात. कांहीं नियंत्रकांत शिकाऊंसाठीं निम्माच जोर देण्याची सोय असते. वर सांगितलेल्या ट्रॅक्ससच्या साध्या नियंत्रकांत ती आहे. लहान भावंडें असलेल्या घरांत ही सोय असल्याची खात्री करून घ्यावी व पहिले कांहीं आठवडे ती चालूच ठेवावी.

दोन चाकांना गति हवी कीं चारांना, यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. चार चाकांचा ट्रक चिखलांतून निघतो, ओल्या गवतावर घसरत नाहीं आणि नवशिक्याला सरळ चालवितां येतो. पण त्यांत दोन डिफरन्शियल, मधला दांडा व पुढचे दांडे अधिक; जितके भाग अधिक तितकी दुरुस्ती अधिक. कोरड्या मातीच्या मैदानावर चालवावयाचें असेल तर दोन चाकांचा घ्यावा. त्यावर शिकलेला हात पुढें कोणत्याहि गाडीला चालतो.

दुकानांत गेल्यावर वेग विचारण्याच्या आधीं एक प्रश्न विचारावा : “अहो, याचा पुढचा बाहु आणि मोठा गिअर आज आपल्याकडे आहे का? असल्यास दाखवितां का?” ज्याच्याजवळ ते आहेत, त्याच्या ट्रकाची किंमत थोडी जास्त असली तरी द्यावी. “मागवून देऊं” असें उत्तर आलें, तर किती दिवसांत आणि जकातीसह कितीला पडेल तें लगेच विचारावें. परदेशांतून एकटा बाहु मागविला, तर बाहूपेक्षां त्याच्या प्रवासाचीच किंमत अधिक होते. ट्रक घेतेवेळींच पुढचे बाहु, एक मोठा गिअर, एखादा दांडा आणि मूठभर क्लिपा घेऊन ठेवाव्या. शरीर सांगाड्याला अडकवून ठेवणाऱ्या या क्लिपा गवतांत जितक्या लवकर हरवतात तितकें दुसरें कांहीं हरवत नाहीं. मग घरांतील केसांच्या पिना नाहींशा होऊं लागतात, आणि आत्या-काकू चौकशी करूं लागतात. पिनांनीं काम भागत नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों.

फार स्वस्त ट्रकांचा मोह सर्वांना होतो. ते सगळेच वाईट असतात असें नाहीं; कांहींचे सांगाडे खरोखर चिवट असतात. परंतु एक खूण पाहावी. चाकें वळविणारें जें छोटें यंत्र असतें, ज्याला सर्व्हो म्हणतात, त्याला तीन तारा आहेत कीं पांच? तीन तारांचा सर्व्हो ही सर्वत्र चालणारी रीत आहे. तो गेला तर कोणत्याहि कंपनीचा बसतो. पांच तारा असल्या, कीं समजावें, रेडिओचा ग्राहक, मोटरीचा नियंत्रक आणि सर्व्होची व्यवस्था हें सर्व एकाच पाटीवर एकत्र केलेलें आहे. त्यांतलें एक बिघडलें कीं सगळेंच फेंकावें लागतें. कागदावर वेग ताशीं ६० किलोमीटर, आणि दुरुस्ती शून्य. मोटरीखालचे गिअर कोणत्या मापाचे आहेत, चाकांचा षट्कोनी तुंबा प्रचलित १२ मिलिमीटरांचा आहे कीं स्वतंत्र कांहीं, आंत बेअरिंगें आहेत कीं नुसते प्लास्टिकचे बुश, हेंहि विचारावें. बुश धुळीनें महिन्या-दोन महिन्यांत झिजतात व चाक डुगडुगूं लागतें. बेअरिंगांचा संच घेऊन ते बदलणें हा पहिला सुधार.

आणि धूळ तर आपल्याकडे मुबलक आहे. देशावरची उन्हाळ्यांतली बारीक माती गिअरच्या पेटींत शिरते. कोंकणांत पावसाळ्यांत तांबडा चिखल शॉकच्या दांड्यावर चढतो आणि त्याच्या रबरी कड्या घांसून आंतलें तेल गळूं लागतें. ‘जलरोधक’ असें खोक्यावर लिहिलेलें असतें तें विजेच्या भागांपुरतें खरें असतें. बेअरिंगें पोलादाचीं असून तीं गंजतात. चिखलांतून आणलेला ट्रक वाळूं द्यावा, ब्रशानें झाडावा, ओल्या फडक्यानें पुसावा, आणि बेअरिंगांत हलक्या तेलाचा एकेक थेंब सोडावा. ओली ब्रशांची मोटर लगेच ठेवून न देतां चाकें उचलून धरून मिनिटभर हळू चालवून वाळवावी. हें काम रात्रीं जेवणापूर्वीं व्हावें असा नियम घरांत असला, तर ट्रक दुप्पट टिकतो, आणि मोरींत चिखल करण्याबद्दलचे संवादहि थोडे कमी होतात.

दोन बारीकसारीक गोष्टी, ज्यांवर पुष्कळांचे गिअर फुकट जातात. मोटरीचा लहान धातूचा गिअर व मोठा प्लास्टिकचा गिअर यांमध्यें अगदीं घट्ट बसवणूक नको आणि सैलहि नको. दोहोंच्या मध्यें वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर आवळावी आणि पट्टी काढून घ्यावी. राहिलेली फट बरोबर असते. मोठ्या गिअरजवळ एक घसरती क्लच असते. तिचा नट पूर्ण आवळून मग साधारण अर्धा फेरा सैल केला, म्हणजे एकाएकीं बसलेला झटका ती घसरून गिळते. नेमकें माप त्या त्या गाडीच्या पुस्तिकेंत पाहावें. धातूंत जाणाऱ्या स्क्रूंना निळा चिकटरस लावावा, प्लास्टिकमधल्यांना लावूं नये.

आतां बॅटरी. येथें मात्र सर्व विनोद बाजूला ठेवावा. जुन्या निकेलच्या सेलांनीं फारसें नुकसान होत नसे. लिथियमची बॅटरी हलकी व जोरकस असते, पण तिला भोंक पडलें, ती फाजील भरली किंवा आंतून बिघडली, तर ती भडकून पेटते, आणि ती आग लवकर आटोक्यांत येत नाहीं. तिच्या एका सेलाचा नेमका भार ३·७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४·२, आणि ३ च्या खालीं ती कधींहि उतरूं नये. म्हणून नियंत्रकाची ‘कमी दाब ओळखण्याची’ कळ चालू आहे कीं नाहीं, हें पहिल्याच दिवशीं पाहावें. कांहीं गाड्यांत ती निकेलच्या बॅटरीसाठीं बंद करून ठेवलेली असते. चार्जर सेलांचा समतोल राखणारा असावा. भरण्याचें काम फरशीवर, गाद्या-पडद्यांपासून दूर, आणि कोणी जागें व जवळ असतांनाच करावें. रात्रभर लावून झोपणें तर मुळींच नको. आठवडाभर चालविणार नसल्यास प्रत्येक सेल ३·८ व्होल्टांच्या आसपास ठेवावा. फुगलेली बॅटरी वापरूं नये. सुट्टींत पोरांच्या हातीं राहूं नये म्हणून ती घरांतून लगेच काढावी व विद्युत्-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावी. घरांतील एका मोठ्या माणसानें हें खातें आपल्याकडे घ्यावें. ट्रक पोरांचा, चार्जर मोठ्यांचा, ही वांटणी चांगली.

जुना ट्रक घेण्यांत कमीपणा नाहीं; उलट शहाणपणाच असूं शकतो. मात्र पाहून घ्यावा. मागचें एक चाक हातानें धरून दुसरें फिरवावें. खरखर लागली तर डिफरन्शियलचे दांते गेलेले आहेत. चारीहि चाकें बाहेरच्या बाजूला ओढून डुगडुगतात का पाहावें. शॉक दाबून सोडावे. त्यांचीं टोकें तेलकट असलीं तर गळती आहे. स्क्रूंचीं डोकीं घांसून गोल झालेलीं असलीं, तर पूर्वींच्या मालकाचीं अवजारें हलकीं होतीं, आणि त्याचे स्वभावहि तसेच असण्याचा संभव आहे. सांगाड्याच्या खालचे ओरखडे मात्र पाहून भिऊं नये. धांवलेल्या गाडीला ते असणारच.

शर्यतीकडे वळणाऱ्यानें ट्रक घेण्यापूर्वीं, जेथें चालविणार त्या मार्गावर एक दिवस नुसतें बघत बसावें. आपल्याकडे असे मार्ग मोजकेच आहेत, आणि प्रत्येक ठिकाणीं जो वर्ग धांवतो तोच घ्यावा लागतो. एकट्यानें सर्वोत्तम गाडी आणली तर तिच्याशीं धांवावयास कोणी नसतें. शिवाय तेथें सुटा भाग उसना मिळतो. मातीचा मार्ग आहे कीं गालिच्याचा, यावर टायर ठरतात, आणि शर्यतींत टायरच्या निवडीनें जेवढा फरक पडतो तेवढा मोटरीच्या जोरानें पडत नाहीं.

चालविण्याविषयीं एकच गोष्ट सांगतों, कारण गिअर तिच्यावांचून वांचत नाहींत. उडी घेतल्यावर ट्रक हवेंत असतांना चाकांचा वेग वाढविला तर त्याचें नाक वर उचललें जातें, आणि ब्रेक लावला तर नाक खालीं येतें. फिरणाऱ्या चाकांच्या विरुद्ध दिशेनें शरीर वळूं पाहतें, हें त्याचें कारण. मुलांना याचा शोध लागला कीं मोठा आनंद होतो, आणि मग तीं बोट घोड्यावर दाबूनच खालीं उतरतात. वेगानें फिरणारीं चाकें जमिनीला टेकतांच एका क्षणांत अडतात, व तो सारा झटका थेट गिअरच्या दांत्यांवर जातो. जमिनीला टेकण्यापूर्वीं बोट सैल सोडावें, चारीहि चाकें एकदम टेकूं द्यावीं, आणि मग हळूहळू जोर द्यावा. अंगणांत फळी टेकवून, वीतभर उंचीवरून, हें आधीं पंचवीस वेळां करून घ्यावें.